काच लावून

सिल्व्हर मॉलच्या तळघरात, बाकलीवालांच्या दुकानात
सकाळपासून दोन मशीन उघडी पडली आहेत,
एक निळ्या खोक्यातलं, एक लाल.
वेगळं ग्राफिक्स कार्ड दोघांतही नाही.
महूहून मुलगी आली होती, वृंदा टिळवे,
आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष,
वडिलांनी मोजून दिलेले अडतीस हजार
आणि एक प्रश्न : यातलं चांगलं कोणतं?

चेतनभियांनी तिथल्या तिथे बोट दाखवलं. लाल.
लालची सतरा खोकी मागे धूळ खात आहेत.

मी म्हटलं, उद्या सांगते.

पहिल्या फेरीत लाल हरलं.
चौतीस फ्रेम, निळ्याच्या एकावन्न.
चेतनभियांचा चहा कपातच राहिला.
मग झाकणं काढली :
निळ्यात आठ-आठच्या दोन पट्ट्या,
लालमध्ये सोळाची एकटी.
बेरीज सारखी, पण जायला-यायला रस्ता एकच.
या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते,
ते प्रोसेसरच्याच ताटात जेवतं.

लालला तशाच दोन पट्ट्या लावल्या. छप्पन्न!
भिया बोर्ड लिहायला निघाले.
थांबा, म्हटलं,
हे चोपन्न वॅट ओढतंय, ते अठ्ठावीस.
शिवाय टेबलफॅनचं तोंड
सकाळपासून निळ्याकडेच आहे.

छोट्या सराफ्यात मामा वजनाला बसायचे.
त्यांचा तराजू काचेच्या पेटीत.
नथ ठेवली की आधी पेटीचं दार ओढायचे,
पंखा बंद करायला लावायचे,
श्वाससुद्धा मान वळवून सोडायचे.
रत्तीचा सवाल आहे, म्हणायचे.
आणि घरी आल्यावर
हेमांगचे अठ्ठ्याहत्तर, माझे एकसष्ट
उघड्यावर तोलायचे, जेवताना, पंख्याखाली.
हेमांगला खोली होती.
मी शिलाई मशीनच्या झाकणावर अभ्यास करायचे,
मामींना काही शिवायचं नसेल तेव्हा.
मामा वाईट नव्हते. फी त्यांनीच भरली.
फक्त ती काच दुकानात राहायची.

तर, दोघांना पस्तीस वॅटवर बांधलं.
ड्रायव्हर दोन्हीकडे ताजे.
पट्ट्यांची एकच जोडी,
यातून काढून त्यात, त्यातून यात,
अंगठ्याचं कातडं निघेपर्यंत.
तोच खेळ, तोच पूल, तीच कोसळती भिंत.
पहिली फेरी धरायची नाही,
ती मशीन तापायला. मग पाच-पाच.
वहीत सरासरी लिहिली, आणि तिच्याखाली
सगळ्यात अडखळलेल्या क्षणांचा आकडा,
कारण खेळणारा शिवी तिथेच देतो.

रात्री साडेनऊ.
लाल पंचेचाळीस, निळं त्रेचाळीस.
एकट्या लालच्याच पाच फेऱ्यांत
तीनचा फरक.

"मग जिंकलं कोण?" भियांच्या हातात खडू.
म्हटलं, एवढ्यावर बोर्ड लिहिता येणार नाही.
"अरे यार," म्हणाले,
आणि खडू शर्टाच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी वृंदाला वही दाखवली.
अभिमानाने दाखवली, खोटं कशाला बोलू.
तिने बोट फिरवत सगळं वाचलं,
वॅट, पट्ट्या, फेऱ्या,
आणि हळूच विचारलं,
"पण मी खेळत नाही. मी जिने काढते.
जिना फिरवून बघताना कुठलं अडकेल?"

ती फेरी मी घेतलीच नव्हती.

तिच्या पेनड्राइव्हवर एक शाळा होती,
तीन मजली, मधोमध गोल जिना,
कठड्याला दोनशे बारा गज.
मी पुन्हा झाकणं उघडली.
अंगठ्याला चिकटपट्टी.
शटर अर्धं खाली ओढलं,
वहीत नवं पान,
आणि मी काही म्हणायच्या आत
चेतनभियांनी उठून
पंखा बंद केला.